ब्लास्टोसिस्टिसचे जननिक उपप्रकार

माणसाच्या मोठ्या आतड्यात राहणाऱ्या ब्लास्टोसिस्टिस या एककोशिक परजीवीचे, दिसण्यात सारखे पण आनुवंशिक दृष्ट्या भिन्न असलेले गट. ए. आल्येक्स्येयेफ यांनी १९११ मध्ये या जीवाचे वर्णन केले व १९१२ मध्ये ई. ब्रूंप्त यांनी त्याला ब्लास्टोसिस्टिस होमिनिस हे नाव दिले. दीर्घकाळ तो निरुपद्रवी किण्व (यीस्ट) समजला जाई. १९६७ मध्ये सी. एच. झीर्ट यांनी तो आदिजीव असल्याचे दाखविले. तथापि १९९६ मधील जीन-अभ्यासावरून त्याचे खरे आप्त तपकिरी शैवले व करंडक वनस्पती (डायाटम) हे असल्याचे आढळले.

वैद्यकात मात्र अडचण वेगळीच होती. अतिसाराच्या रोग्याच्या मलात जी गोल कोशिका सूक्ष्मदर्शकाखाली दिसे, तीच धडधाकट माणसाच्या मलातही दिसे. मग मेट्रोनिडाझोल द्यावे की नाही? कोशिकेच्या आकारावरून याचा निर्णय होणे शक्य नव्हते.

१९९७ मध्ये सी. जी. क्लार्क यांनी रिबोसोमी आरएनएच्या जीनाच्या असंख्य प्रती करून त्या विशिष्ट एंझाइमांनी कापल्या. तुकडे विद्युत् क्षेत्रात आकारमानानुसार वेगळे होऊन त्यांचा जो पट्ट्यांचा आकृतिबंध उमटतो, तो बोटांच्या ठशासारखा त्या त्या गटाची ओळख ठरतो. अशा रीतीने माणसांतील नमुन्यांचे सात गट पडले. पुढे प्रत्येक प्रयोगशाळेने आपापले क्रमांक लावल्याने एकच गट निरनिराळ्या नावांनी वावरू लागला. हा गोंधळ २००७ मध्ये सर्वमान्य क्रमांकन ठरल्यावर मिटला. एकच उपप्रकार माणसात, डुकरात वा पक्ष्यातही सापडत असल्याने आश्रयीवरून जातिनाम देण्याची पद्धतही तेव्हा सोडून देण्यात आली. माणसांत १ ते ४ हे उपप्रकार विशेष आढळतात.

महाराष्ट्रात पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी भारतीय व्यक्तींच्या मलातील डीएनए तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत उपप्रकार ३ सर्वाधिक, तर त्याखालोखाल १ आढळला. हे दोन्ही उपप्रकार अन्यत्र अतिसाराच्या रोग्यांतही मिळाले आहेत. यामुळे केवळ उपप्रकाराच्या क्रमांकावरून रोगकारकता ठरविता येत नाही. म्हणून मलात ब्लास्टोसिस्टिस आढळला, तरी अतिसाराची इतर कारणे आधी तपासणे इष्ट असते आणि लक्षणे नसलेल्या व्यक्तीस सामान्यतः औषध देत नाहीत.