नाशिक, १९५० : माणूस आणि प्रतीक

सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात आणि वैष्णव आखाडे नाशिकच्या रामकुंडावर. नदी एक, पर्व एक, परंतु तीर्थे दोन. या विभागणीच्या मुळाशी स्नानाच्या अग्रमानाचा वाद आहे. १७८९ च्या सिंहस्थात तो रक्तपातापर्यंत गेला आणि पुढे पेशवाईतच दोन्ही पंथांची स्नानस्थाने वेगळी करण्यात आली. पहिला मान कोणाचा, हा प्रश्न सुटला नाही. तो पुन्हा उभा राहू नये, एवढी तजवीज झाली.

राजकीय पक्षाला अशी तजवीज करता येत नाही. अध्यक्षाची खुर्ची एकच असते. त्र्यंबकहून सुमारे तीस किलोमीटरवर, त्याच गोदावरीच्या काठी, सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच्या आधी झालेली अध्यक्षपदाची निवडणूक म्हणजे आघाडीवरच्या उमेदवारावर स्वपक्षातूनच कसा हल्ला होतो, याचा आपल्या इतिहासातील एक फार बोलका दाखला होय.

उमेदवार तीन होते : पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव. पारडे जड होते ते टंडनांचे. १९४८ मध्ये पट्टाभि सीतारामय्यांकडून ते थोडक्यात पराभूत झाले होते. आता सरदार पटेलांचे बळ त्यांच्या पाठीशी होते. त्यांच्या साधेपणाविषयी आणि त्यागाविषयी विरोधकांनाही शंका नव्हती. तथापि जून १९४७ मध्ये त्यांनी फाळणीच्या ठरावाला उघड विरोध केला होता, नागरी लिपीतील हिंदीचा आग्रह त्यांनी कधी सोडला नव्हता, आणि निर्वासितांच्या परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारून त्यांनी सरकारच्या धोरणाविरुद्धच्या असंतोषाला आपले नाव दिले होते.

ऑगस्ट १९५० मध्ये पंतप्रधान नेहरूंनी थेट टंडनांनाच पत्र लिहून आपला विरोध कळवला. त्या पत्राचा रोख लक्षात घेण्याजोगा आहे. तुम्ही अमुक गैरकृत्य केले, असा आरोप त्यात नाही. असंख्य लोकांच्या दृष्टीने तुम्ही जातीय आणि पुनरुज्जीवनवादी वृत्तीचे प्रतीक झाला आहात, असे त्याचे सार होते.

साहित्याच्या अभ्यासकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटावा. कृतीचा अर्थ लेखकाच्या हेतूत शोधायचा की वाचकांनी तिचे जे केले त्यात, हा आपला जुना वाद आहे. नेहरूंनी दुसरी बाजू घेतली. टंडनांनी आरोप नाकारला, पण नाकारून उपयोग काय होणार? माणूस आपल्या कृत्याचे समर्थन करू शकतो, चूक झाली असेल तर ती दुरुस्त करू शकतो. इतरांनी आपल्याला दिलेला अर्थ मात्र त्याला परत करता येत नाही. टाळ्या कोणी वाजवाव्यात, हे वक्त्याच्या हाती नसते.

मग हा हल्ला अन्याय्य होता काय? मला तसे वाटत नाही. अध्यक्ष निवडताना पक्ष केवळ एका सज्जनाला निवडत नसतो. त्याच्यामागे कोणते बळ उभे राहते, तेही तो निवडत असतो. फाळणीच्या जखमा ओल्या असताना हा प्रश्न विचारणे नेहरूंचे कर्तव्यच होते. शिवाय त्यांनी तो स्वतःच्या सहीने विचारला. १९७२ मध्ये अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांत एडमंड मस्की आघाडीवर असताना न्यू हॅम्पशायरमधील एका वृत्तपत्राने त्यांच्याविरुद्ध एक पत्र छापले. ते बनावट होते. मस्की तेथे जिंकले, पण त्यांचा दबदबा ओसरला तो ओसरलाच. निनावी पत्राला उत्तर देता येत नाही. सहीच्या पत्राला निदान उत्तर तरी देता येते.

मतमोजणीत टंडनांना १३०६, कृपलानींना १०९२ आणि देवांना २०२ मते पडली. एकूण २६०० मतांच्या निम्म्यापेक्षा टंडनांना अवघी सहा मते अधिक होती. आणि मग नाशिकला टंडनांच्याच अध्यक्षतेखाली काँग्रेसने नेहरूंच्या निधर्मी धोरणावर शिक्कामोर्तब केले! याला प्रतिनिधींची चंचलता म्हणणे सोपे आहे. मला त्यात विवेक दिसतो. माणसाचा मान त्यांनी राखला आणि प्रतीकाचा अर्थ नाकारला. नेहरूंच्या पत्राने जे एकत्र बांधले होते, ते प्रतिनिधींनी सोडवून वेगळे केले.

हा तोल टिकला नाही. डिसेंबर १९५० मध्ये पटेल गेले. १९५१ मध्ये कृपलानींनी काँग्रेस सोडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली असता नेहरूंनी ऑगस्टमध्ये कार्यकारिणीचा राजीनामा दिला, आणि सप्टेंबरमध्ये टंडन पायउतार होऊन नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. नाशिकला ठरावांवर चर्चा झाली होती. येथे निर्णय झाला तो एका राजीनाम्याच्या वजनाने.

याची किंमत कोणी मोजली? टंडनांनी नव्हे, असे मी म्हणेन. त्यांना १९६१ मध्ये, नेहरूंच्याच कारकिर्दीत, भारतरत्न मिळाले. किंमत मोजली ती अध्यक्षपदाने. सरकार पक्षाध्यक्षाला विश्वासात घेत नाही, अशी तक्रार करून कृपलानींनी १९४७ मध्ये तेच पद सोडले होते. १९५१ नंतर ती तक्रार निरर्थक झाली, कारण पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष एकच होते. पेशवाईने अग्रमानाचा वाद दोन घाट करून मिटवला. काँग्रेसने दोन आसने एकत्र करून. ज्या विचारासाठी नेहरू झगडले तो योग्यच होता, असे मानूनही विचारावेसे वाटते की नाशिकला मतदानाने जे साधले होते, त्यावर आणखी थोडा काळ विसंबता आले नसते काय?