दापोडी ते हंगेरी : सेवेची देवाणघेवाण

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपण विहाराच्या इमारतीचा इतिहास सांगतो. कोणी विटा दिल्या, कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी वर्गणीसाठी चपला झिजवल्या. ते सांगितलेच पाहिजे. पण आपल्या या औद्योगिक पट्ट्यातल्या धम्मकार्याला परदेशी तरुणांचेही हात लागले आहेत, आणि इथली प्रेरणा परदेशातही पोहोचली आहे. हा इतिहास नव्या पिढीला कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात खुद्द बाबासाहेबांनी करून दिली. डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परत आल्यावर २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. मूर्ती रंगूनहून आलेली, विहार कष्टकरी माणसांचा. दीक्षेच्या दोन वर्षे आधीच आपले नाते देशाच्या सीमेपलीकडे जुळले होते.

तरुणांनी परक्या मुलखात जाऊन राबायचे, ही रीत पहिल्या महायुद्धानंतरची. १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्दूंजवळच्या उद्ध्वस्त खेड्यात वेगवेगळ्या देशांच्या स्वयंसेवकांना एकत्र आणून घरे उभारायला घेतली. कालचे शत्रू एकत्र घमेली उचलू लागले. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तेच सेरेसोल आपल्या देशात आले. पुढे त्यांच्या संघटनेचे तरुण वरोऱ्याला बाबा आमटे यांच्या आनंदवनात राहिले आणि त्यांनी तिथे दवाखान्याच्या बांधकामाला हात लावला. ज्या कुष्ठरोग्यांच्या सावलीला गाव भीत होते, त्यांच्यात ही गोरी पोरे राहतात, जेवतात, हे पाहून गावाची भीती कमी झाली. स्पर्शाची भीती म्हणजे काय, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

आता आपल्या दापोडीकडे येऊ. १९७७ साली लोकमित्र नावाचे एक तरुण इंग्रज बौद्ध योग शिकण्यासाठी पुण्याला निघाले होते. वाटेत नागपूरला उतरले, तर दीक्षेचा वर्धापनदिन! लाखोंचा समुदाय पाहून त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९७८ मध्ये ते पुण्यात राहायला आले आणि १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम उभे राहिले. १९८० पासून इंग्लंडातले तरुण संध्याकाळी दारोदार फिरून, अनोळखी माणसांना आपल्या वस्त्यांची हकिकत समजावून सांगत, नियमित मदतीचे वचन घेऊ लागले. त्यातून ‘बहुजन हिताय’ या नावाने दापोडीत आरोग्याचे, बालवाडीचे काम झाले, पुढे ठिकठिकाणी वसतिगृहेही झाली.

आम्ही तेव्हा दहा-बारा वर्षांचे. गोरा माणूस चटईवर मांडी घालून बसतो, पितळी तांब्यातले पाणी पितो, आयाबायांना ‘जय भीम’ करतो, याचेच आम्हांला नवल. कारण दोन गल्ल्या पलीकडचा माणूस आमच्या घरचे पाणी पीत नव्हता. संध्याकाळी वंदना व्हायची, मग ढोलकी निघायची, भीमगीते रंगायची. पाहुण्यांना शब्द कळत नसत, पण ते टाळी मात्र बरोबर धरत.

पण आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. गोरी कातडी दिसली की आम्ही खुर्ची पुसायला धावायचो, हार घालायचो. त्यांना राबायचे होते, आम्ही त्यांना देव्हाऱ्यात बसवत होतो. खरे काम टिकले ते कोणामुळे? बाहेरून आलेला डॉक्टर आज ना उद्या परत जाणार. घरोघरी फिरून पोरांचे जुलाब, गरोदर बाईचा आहार, लसीची तारीख सांभाळणाऱ्या आपल्या वस्तीतल्या बाया होत्या म्हणून काम टिकले. पाहुण्याने शिकवावे आणि वस्तीने ते आपले करावे, याला देवाणघेवाण म्हणायचे.

आणि ‘देवाण’ ती कुठे? तीही आहे. युरोपात रोमा नावाचा समाज आहे. काही शतकांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातूनच गेले. हंगेरीत त्यांच्या मुलांना आजही अनेक ठिकाणी वेगळ्या वर्गात, वेगळ्या शाळेत बसवले जाते. तिथले ओर्शोश यानोश आणि देरदाक तिबोर यांच्या हाती बाबासाहेबांविषयीचे एक पुस्तक पडले. त्यांना वाटले, अरे, ही तर आपलीच गोष्ट! २००५ आणि २००७ मध्ये ते महाराष्ट्रात आले, बौद्ध वस्त्या आणि संस्था त्यांनी पाहिल्या. परत जाऊन २००७ मध्ये त्यांनी ‘जय भीम’ याच नावाने संस्था काढली आणि शायोकाझा या गावी डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा उभी केली. ज्यांना मदत मागणारे म्हणून जगाने ओळखले, त्यांच्याकडे शिकायला युरोपातून माणसे आली. याहून मोठा मान कोणता?

आज आपल्या चाकण-पिंपरीच्या कंपन्यांत जपानी, जर्मन, कोरियन साहेब येतात. आपली मुलेही शिक्षणासाठी बाहेर जाऊ लागली आहेत. आमची त्यांना एकच विनंती आहे. जाल तिथे फक्त फोटो काढून येऊ नका. तिथल्या खालच्या माणसाची वस्ती शोधा, चार दिवस राबा, आपली ढोलकी ऐकवा, त्यांचे गाणे शिकून या. आणि आपल्या विहारात परदेशी तरुण आला, तर हाराआधी त्याच्या हाती झाडू द्या; दुसरा झाडू आपण घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!