जुनी मोटारसायकल सजवताय? मागे बसणाऱ्याचा आधार काढू नका

शिंदखेडा : दोंडाईचा, नरडाणा, बेटावद, चिमठाणे, तालुक्यातल्या कोणत्याही रस्त्यावर जुन्या मोटारसायकली रोज धावताना दिसतात. सीडी १००, स्प्लेंडर, बॉक्सर, क्वचित एखादी राजदूत. नवी गाडी घेणं परवडत नाही, मग जुनीलाच नवं रूप दिलं जातं. मागचं मडगार्ड कापणं, सीट आखूड करणं, साडी गार्ड काढणं, पायदान सरकवणं ही कामं वेल्डिंगच्या दुकानात पटकन होतात. पण गाडीच्या मागच्या भागात जे काही बसवलेलं असतं, त्यातलं बरंचसं मागे बसणाऱ्यासाठीच असतं. ते काढलं तर त्रास आई, बायको नाहीतर लेकरालाच होतो.

नियम काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागच्यासाठी तीन गोष्टी लागतात : धरायला पक्का दांडा, पाय ठेवायला पायदान आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण. आपल्याकडे त्यालाच साडी गार्ड म्हणतात.

साडी गार्ड

बाई एका बाजूला बसली की पदर किंवा ओढणीचं टोक चाकाजवळच लोंबतं. ते आऱ्यांत गेलं की चाक कपडा गुंडाळत जातं आणि माणूस खाली ओढला जातो. कपडा गळ्याभोवती असला तर फास बसतो. ब्रेक लावेपर्यंत वेळ हातातून गेलेली असते. गार्ड गंजलं असेल तर त्याच गाडीच्या मापाचं नवं बसवावं. चेन कव्हरही काढू नये.

मागचं पायदान

एका बाजूला बसणाऱ्या बाईचे दोन्ही पाय डाव्या पायदानावर किंवा साडी गार्डच्या खालच्या पट्टीवर असतात. म्हणजे सगळा भार एकाच बाजूला. त्यामुळे तिथला बोल्ट, पिन आणि रबर नीट बघावं. पायदान नसेल तर पाय लोंबकळतात, चाकात जाऊ शकतात किंवा तापलेल्या सायलेन्सरला टेकून भाजतात. काही जुन्या गाड्यांत हे पायदान चाक धरणाऱ्या चिमट्यावर असतं. तिथे जादा भोकं पाडू नयेत, चिमटा कमजोर होतो.

पुढचं पायदान

बऱ्याच जुन्या १०० सीसी गाड्यांत पुढचं पायदान म्हणजे इंजिनखाली बोल्टने कसलेला एकच दांडा असतो. गाडी पडून तो वाकला तर जागेवरच हातोडा मारू नये, इंजिनच्या केसिंगला तडा जाऊ शकतो. दांडा खोलून सरळ करावा, नाहीतर बदलावा. रेसच्या गाडीसारखं पायदान मागे नेलं की ब्रेक आणि गिअरचा पॅडल पायाखालून लांब जातो. ऐनवेळी पाय ब्रेकवर पडत नाही. शेतातून दमून येणाऱ्याला तशी बसकही सोसत नाही.

मडगार्ड आणि नंबरप्लेट

मडगार्ड आखूड केलं की पावसाळ्यात चिखल पाठीवर आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर उडतो. त्याच्यासोबत टेल लाइट, इंडिकेटर, लाल रिफ्लेक्टरची जागाही जाते. रात्री ट्रॅक्टर किंवा ट्रकवाल्याला गाडी दिसण्याचा तोच आधार असतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती सरळ बसेल अशी जागा ठेवावी.

चेसिसला हात लावू नये

सीटखालचा पाइप कापला की शॉकअपचा वरचा आधार कमजोर होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जवळचा पाइपही कमजोर पडतो आणि पुढे खड्ड्यात आपटून तुटू शकतो. दुसऱ्या भागाचं वेल्डिंग असलं तरी तो भाग खोलून करावं. खोलता येत नसेल तर आधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी काढावी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. कलम १८२ अ प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खराब भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसवणं ही मात्र साधी दुरुस्ती आहे.

दूध आणि चारा नेणाऱ्यांसाठी

२०२० च्या सुधारणेनुसार मोटारसायकलवर हलकी पेटी लावता येते. तिची लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिमीपेक्षा जास्त नसावी. पेटी मागच्या सीटच्या जागी असेल तर दुसरा माणूस बसवता येत नाही. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे ठेवावेत. चाऱ्याच्या पेंढ्यांनी टेल लाइट झाकू नये.

१५ वर्षं झाली असतील तर

नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. एमएच १८ च्या गाड्यांसाठी फॉर्म २५ धुळे आरटीओकडे मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत भरता येतो. तेव्हा गाडी तपासली जाते आणि कापलेलं मडगार्ड, नसलेलं पायदान तिथे अडतं.

रंग नवा द्या, सीटला नवं कव्हर घाला, रबरं बदला. गाडी तेवढ्यानेही चकाकते. काम झालं की घरच्यांना मागे बसवून गाडी उभी असतानाच बघावं : पाय टेकतात का, हाताला दांडा लागतो का, पदर चाकापासून लांब राहतो का. मगच रस्त्यावर काढावी.