व्याकरणातून पार्सर: ‘याक’ व ‘मेक’ यांचा पूर्वेतिहास

आज्ञावलीतील वाक्य भाषेच्या नियमांत बसते की नाही, आणि बसत असल्यास त्याची रचना कोणती, हे ठरविणाऱ्या कंपायलरच्या भागास पार्सर म्हणतात. भाषेचे व्याकरणच यंत्रापुढे ठेवावे व पार्सर त्याच्याकडून रचून घ्यावा, ही कल्पना मँचेस्टर येथे ब्रुकर व मॉरिस यांनी १९६० च्या सुमारास हाती घेतली. तिला भक्कम शास्त्रीय आधार मिळाला तो डोनाल्ड कनूथ यांच्या १९६५ च्या निबंधाने. त्या पद्धतीतील कोष्टके प्रचंड होत, ती आटोपशीर करण्याचा मार्ग डीरेमर यांनी १९६९ मध्ये दाखविला.

पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी ‘याक’ सिद्ध केला. ‘आणखी एक कंपायलर-कंपायलर’ असा त्या नावाचा अर्थ. अशा साधनांची तेव्हा किती रेलचेल होती, हे त्यातील विनोदावरूनच कळते. व्याकरणाची फाइल द्यावी आणि सी भाषेतील पार्सर घ्यावा, असा हा व्यवहार. व्याकरणात द्व्यर्थता असल्यास याक तेथल्या तेथे इशारा देई. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये असा दोष वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. म्हणून श्रमाच्या बचतीपेक्षा हा गुण मोलाचा मानला पाहिजे.

परंतु यातून एक नवी अडचण उद्भवली. व्याकरण हे मूळ झाले, सी फाइल ही त्याची व्युत्पत्ती. मूळ बदलले आणि व्युत्पन्न जुनेच राहिले, तर जुनाच पार्सर निमूटपणे चालत राही. दोहोंचा मेळ कोणी राखावयाचा? उत्तर मिळण्यास निमित्त झाले ते खुद्द जॉन्सनच. एके दिवशी ते सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत संतापून शिरले. दोष केव्हाच दुरुस्त झालेला होता, मात्र ती फाइल पुन्हा कंपाइल करावयाची राहिली होती, आणि निर्दोष आज्ञावलीतील दोष शोधण्यात त्यांची सारी सकाळ गेली होती. आदल्या संध्याकाळी फेल्डमन यांचीही तीच गत झाली होती! त्यातून १९७६ मध्ये ‘मेक’ जन्मास आला. प्रत्येक फाइल शेवटी केव्हा बदलली ती वेळ मेक पाहतो. व्याकरण पार्सरहून नवे असेल, तर याकला पुन्हा कामास लावतो.

सर्वांनीच ही वाट धरून ठेवली असे नाही. जीसीसी कंपायलरने सी++ साठी २००४ मध्ये व सी साठी २००६ मध्ये यंत्ररचित पार्सर सोडून हस्तलिखित पार्सर स्वीकारला. पायथनने २०२० मध्ये पद्धत बदलली, तरी व्याकरणाची फाइल सोडली नाही. तेथे रचलेली सी फाइलही व्याकरणाबरोबर जतन केली जाते. तिला मात्र हात लावावयाचा नसतो. बदल व्याकरणात करून ती मेककरवी पुन्हा रचून घ्यावयाची असते.