शाळा नेमक्या कधी उघडल्या?

करोनानंतर महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळा कधी उघडल्या, असं विचारलं की बरेच जण ४ ऑक्टोबर २०२१ सांगतात. पण नववी ते बारावीच्या वर्गांना २३ नोव्हेंबर २०२० पासूनच परवानगी होती: शिक्षकांची आरटीपीसीआर चाचणी, पालकांचं लेखी संमतीपत्र, एका बाकावर एकच विद्यार्थी. निर्णय मात्र स्थानिक प्रशासनाचा, आणि मुंबईने शाळा बंदच ठेवल्या. म्हणजे शासनाच्या कागदावरची तारीख धरून प्रकरण लिहिलंत, तर फसाल. वर्ग खरंच भरला का, हे हजेरीपट सांगतो. संमतीपत्र न आलेलं मूल घाबरलेल्या घरचं की गाव सोडून गेलेलं, हे शिक्षकांनाच विचारावं लागतं. आणि लवकर विचारा. शिक्षक निवृत्त होतात, संमतीपत्रांचे गठ्ठे रद्दीत जातात.