उन्हाचा सातबारा

कसारा स्टेशनात गाडी थांबते, मागून एक धक्का बसतो आणि डब्यातलं कुणीतरी माहितगार म्हणतं, ‘बँकर लागलं.’ पुढे थळ घाट. ३७ फुटांना एक फूट अशी चढण. मागे जोडलेली इंजिनं गाडीला ढकलत इगतपुरीपर्यंत आणून सोडतात. हा प्रवास मी बहुतेक वेळा पावसाळ्यात केला आहे. बोगदे संपले की भाताची खाचरं दिसू लागतात. चिखलात वाकून आवणी करणाऱ्या बायका दिसतात. आणि रुळांवर, सगळा रस्ता सोबत करणारी विजेची तार.

या घाटातून गाडी सुरू झाली १८६५ साली. तार आली १९३० मध्ये. जीआयपी रेल्वेने तेव्हा कल्याण ते इगतपुरी मार्ग विजेवर आणला. त्यासाठी ठाकुर्लीला कोळशावर चालणारं वीजघर बांधलं होतं. विजेवरची गाडी इगतपुरीच्या खाचरांना चाटून जाऊ लागली, तेव्हा त्या खाचरांच्या मालकांच्या घरात रॉकेलची चिमणी होती. आणि पुढची बरीच वर्षं चिमणीच राहिली.

आता वीज पुन्हा शेताच्या बांधावर आली आहे. या वेळी ती गाडी चालवायला आलेली नाही. ती शेत भाड्याने मागते आहे. सोलर पॅनेल लावायला जागा द्या, दरवर्षी पैसे घ्या. त्यातलीच एक कल्पना म्हणजे पॅनेल उंच खांबांवर बसवायची आणि खाली पीक चालू ठेवायचं. एकाच जमिनीतून दोन पिकं, एक धान्याचं आणि एक विजेचं.

ही कल्पना ऐकल्यावर सगळे एकच प्रश्न विचारतात, ‘सावलीत पीक येईल का?’ प्रश्न बरोबर आहे, त्याकडे येतोच. पण इगतपुरीचा इतिहास वाचल्यावर मला आधी दुसरा प्रश्न पडतो. करार कुणाच्या नावावर होणार?

पाणी इथलं, पीक तिथलं

इगतपुरी हा धरणांचा तालुका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मग धरणं होणारच. पहिलं मोठं धरण दारणेचं, १९१६ चं. इंग्रजांनी त्याच्या जलाशयाला ‘लेक बील’ असं नाव दिलं होतं. दारणेचं पाणी खाली नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर जातं, तिथून गोदावरीच्या कालव्यांनी निफाड, कोपरगाव, राहात्याकडे. त्या पाण्यावर तिकडे ऊस उभा राहिला. इगतपुरीत भात होतं, तसंच राहिलं.

१९७० च्या दशकात वैतरणेचं धरण झालं. पाण्याबरोबर तिथे वीजही तयार होते, ६० मेगावॉटचं वीजघर आहे. वीजघरातून सुटलेलं पाणी पुढे मुंबईच्या नळाला जातं. पुढे मुकणे, भावली, भाम अशी धरणं होत गेली. प्रत्येक वेळी पाणी आणि वीज यांची गरज खरीच होती. मुंबईला पाणी नको, असं कोण म्हणेल? पण प्रत्येक वेळी व्यवहाराचा साचा एकच होता. जमीन कायमची गेली, मोबदला एकदाच मिळाला, आणि जे तयार झालं ते दुसरीकडे गेलं.

मोबदला मिळाला म्हणताना तो नेमका कुणाला मिळाला, हे विचारायचं आपण विसरतो. त्यासाठी थोडं दक्षिणेला, पुण्याजवळच्या मुळशीला जावं लागेल.

मुळशीत पैसे कुणाला मिळाले

मुळशीचा सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला सुरू झाला. टाटा कंपनीला मुंबईसाठी वीज हवी होती. त्यासाठी मुळा नदीवर धरण बांधायचं होतं आणि मावळातली भाताची खाचरं बुडणार होती. १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारने कंपनीच्या हाती दिला. मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच ‘सेनापती बापट’ झाले. तुरुंगवास झाले, फूट पडली, आणि धरण झालं.

शाळेत आपण एवढंच शिकतो. पण या लढ्यात शेतकरी आणि कंपनी असे दोनच पक्ष नव्हते. मावळातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या किंवा गहाण होत्या. कसणारा मावळा, कागदावरचा मालक सावकार. कंपनीने मोबदला देऊ केला तेव्हा तो कागदावरच्या मालकाला मिळणार होता. सावकारांनी तो घ्यायचं ठरवलं आणि लढ्याची कंबर तिथेच खचली. ज्याचं नाव कागदावर होतं त्याला पैसे मिळाले, ज्याचे पाय चिखलात होते तो देशोधडीला लागला.

विजेसाठी जमीन देण्याच्या आपल्या इतिहासातला हा पहिला मोठा धडा आहे, आणि तो मला आजच्या सोलर करारांना जसाच्या तसा लागू वाटतो.

शेती तोंडी, सोलर लेखी

स्वातंत्र्यानंतर कसणाऱ्याचं नाव कागदावर आणायचा एक मोठा प्रयत्न झाला. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा, आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता, तो कूळ म्हणून तिचा मालक ठरणार होता. लाखो घरांचं त्याने भलं झालं. पण त्याचा एक परिणाम आजही गावोगाव दिसतो. ‘कसायला दिली तर कूळ लागेल’ ही भीती मालकांच्या मनात कायमची बसली. त्यामुळे आज जमीन वाट्याने, अर्धेलीने किंवा खंडाने दिली जाते ती तोंडी. सातबाऱ्यावर पीक मालकाच्या नावाने लागतं. नुकसानभरपाई आली तर मालकाच्या खात्यात येते. पीककर्ज मालकालाच मिळतं. प्रत्यक्ष कसणारा कागदावर कुठेच नसतो.

आता सोलरचं बघा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये. शेतीच्या वीजवाहिन्या गावाजवळच्या सौर प्रकल्पांवर चालवायच्या, म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, असा हेतू. तो हेतू मला पूर्ण मान्य आहे. रात्री दोन वाजता वीज येते म्हणून बिबट्याच्या मुलखात टॉर्च घेऊन मोटर चालू करायला जाणं म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. योजनेत खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी १,२५,००० रुपये भाडं आहे, म्हणजे एकरी ५०,०००. दरवर्षी तीन टक्के वाढ. हिशेब केला तर पंचविसाव्या वर्षी हे भाडं हेक्टरी अडीच लाखांच्या वर जातं.

इथे जुना साचा एका बाबतीत मोडतो, हे मान्य करायला हवं. जमीन जात नाही. मोबदला एकदाच न मिळता दरवर्षी मिळतो. वीज जवळच्याच शेतांना मिळते. दारणा-वैतरणेपेक्षा हा सौदा कितीतरी बरा आहे.

पण गंमत अशी की जो मालक आपल्याच गावातल्या माणसाला एक वर्षाचा कागद करून द्यायला घाबरतो, तो सोलर कंपनीला पाव शतकाचा नोंदणीकृत करार करून देतो. कंपनी कूळ लागणार नाही, याची त्याला खात्री असते. आणि त्याच जमिनीवर वाट्याने कसणाऱ्याला उठवायला नोटीसही लागत नाही. कागदच नव्हता, तर मोडायचं काय? मुळशीच्या मावळ्याचं निदान नाव तरी इतिहासात आहे. याची नोंद तलाठ्याकडेही नाही.

इगतपुरीत तर आणखी एक पदर आहे. तालुक्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्ती मोठी आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाड्याने द्यायलाही महसूल संहितेच्या कलम ३६अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जमीन फसवून काढून घेतल्याचा अनुभव गाठीशी होता, म्हणून हा कायदा आला. वनहक्काचा पट्टा तर वारसाला मिळतो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च याच घाटाने मुंबईकडे उतरला होता. तुम्ही ते फोटो पाहिले असतील, लाल टोप्या आणि सोललेले तळपाय. त्या पायांची एक मुख्य मागणी होती, कसत असलेल्या वनजमिनीवर आमचं नाव लावा. नाव लागणं म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळलं होतं.

गायरानांचंही तसंच. सौर योजनेसाठी सरकारी पडीक जमीन आधी बघतात. पण गावात ‘पडीक’ म्हणजे रिकामी असतेच असं नाही. तिथे कुणाच्या शेळ्या चरतात, कुणी दोन पिढ्या नागली-वरई पेरत असतं. याच नाशिक जिल्ह्यातले दादासाहेब गायकवाड १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांत हजारो लोकांना घेऊन उतरले, ते पडीक जमीन भूमिहीनांना द्या म्हणूनच.

बटाट्यावरचं छप्पर

आता सावलीत पीक येईल का, या प्रश्नाकडे येतो. ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. जर्मनीत आडोल्फ गोएत्सबर्गर आणि आर्मिन त्सास्ट्रो या दोघांनी १९८१ च्या सुमारास हिशेब मांडला की पॅनेल जमिनीपासून दोन मीटर उंच आणि विरळ लावली तर खाली बटाट्यासारखं पीक घेता येईल. जपानमध्ये आकिरा नागाशिमा यांनी २००४ पासून ती प्रत्यक्षात आणून बघितली. त्यांचा मुद्दा साधा होता. प्रत्येक पिकाला उन्हाची एक मर्यादा असते. त्यापलीकडचं ऊन पिकाच्या कामाचं नसतं, ते विजेला देता येतं.

जपानने २०१३ मध्ये याला परवानगी दिली, पण एक अट घातली. त्या भागातल्या सरासरीच्या ८० टक्के उत्पादन आलं पाहिजे, नाहीतर परवानगी धोक्यात. जर्मनीच्या २०२१ च्या मानकात हा आकडा ६६ टक्के आहे. म्हणजे तिथे नियमाचा खुंटा विजेला नाही, पिकाला बांधला आहे. शेती खरोखर चालू आहे ना, हे आधी बघतात.

आपल्याकडे २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेत पिकाऊ जमिनीवर पॅनेल लावायची तर ती खांबांवर लावा, म्हणजे खाली शेती करता येईल, असं म्हटलं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात पॅनेलखालच्या पिकांवर प्रयोगही चालू आहेत. पण उंच खांबांना लोखंड जास्त लागतं, खर्च वाढतो. ज्याला फक्त वीज विकायची आहे, तो स्वतःहून तो खर्च कशाला करेल?

इगतपुरीत अडचण आणखी वेगळी आहे. भाताचा हंगाम म्हणजे ढगांचा हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दिवसचे दिवस दिसत नाही. भाताला आधीच ऊन कमी, त्यात पॅनेलची सावली. पॅनेलच्या कडेवरून पडणारी पाण्याची धार खाचराची माती खरवडते. म्हणून इथे दाट पॅनेलखाली भात लावणं शहाणपणाचं वाटत नाही. पण डिसेंबर ते मे हे दिवस वेगळे आहेत. तेव्हा ऊन रग्गड असतं आणि पाणी कमी. त्या दिवसांत पालेभाजी, कोथिंबीर यांना थोडी सावली चालते, ओल टिकते, आणि भाजी खुडणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर येतं. एका जमिनीचा एकच नियम इथे चालणार नाही. परभणीचं उत्तर घोटीला लागू पडेलच असं नाही, घोटीचं उत्तर घोटीच्याच खाचरात शोधावं लागेल.

आवणीचे दिवस

भाडं चांगलं आहे म्हणून मालकाने शेतीच बंद केली तर काय होतं? मालकाचं घर चालतं, बहुतेक आधीपेक्षा बरं चालतं. त्याला नावं ठेवायला मी कोण? टोमॅटोचा भाव पडल्यावर रस्त्यावर ओतलेले क्रेट ज्याने पाहिले आहेत, त्याला खात्रीचं भाडं का आवडतं हे समजतं.

पण आवणीला येणाऱ्या बायकांची टोळी त्या बांधावर येत नाही. एका खाचराने फरक पडत नाही, शंभर खाचरांनी पडतो. त्यांची मजुरी कुठल्याच करारात खर्च म्हणून किंवा नुकसान म्हणून धरलेली नसते. आणि मालकाच्या घरातही भाडं सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जातं. ते नाव बहुतेक वेळा पुरुषाचं असतं. १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन याच जिल्ह्यात चांदवडला झालं, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली, नवऱ्यांनी थोडी जमीन बायकोच्या नावे करावी म्हणून. शेतात राबते तिचं नाव कागदावर असावं, एवढंच त्यात म्हणणं होतं. ते काम अजून अर्धवट आहे.

म्हणून मला वाटतं, शेती आणि सोलर एकत्र आणायचं तर करारात तीन पक्ष हवेत. वीज बनवणारा, जमीनमालक आणि कसणारा. कसणाऱ्याचा खाली पीक घ्यायचा हक्क लेखी असावा, आणि तो लिहिला म्हणून कूळ लागणार नाही याची मालकाला कायद्याने खात्री असावी. गायरान असेल तर ग्रामसभेने आधी विचारावं, आज तिथे कोण चरतं, कोण पेरतं. पीक चालू आहे की नाही, हे दरवर्षी कुणीतरी बांधावर येऊन बघावं. यातलं काहीच अशक्य नाही. आपण धरणांच्या वेळी हे लिहून ठेवलं नाही, एवढंच.

पुढच्या वेळी तुम्ही कसाऱ्याहून वर याल, तेव्हा बोगदे संपल्यावर खिडकीतून बघा. तार दिसेल, कदाचित लवकरच पॅनेलही दिसतील. त्यांच्याखाली कुणी वाकलेलं दिसतंय का, तेही बघा.