रक्तचाचणीचा खोटा होकार

एचआयव्हीची प्रतिपिंडे शोधणाऱ्या पहिल्या एलायझा चाचणीस अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये परवाना मिळाला. रक्तपेढीतील दूषित रक्त वगळणे हा तिचा मूळ हेतू होय. त्यापायी काही निर्दोष रक्त टाकावे लागले तरी ते ग्राह्य मानले गेले. चाचणीसाठी विषाणू मानवी पेशींत वाढवीत व त्या पेशींचे अंश द्रव्यात उरत. अनेक बाळंतपणे झालेल्या काही स्त्रियांच्या रक्तातील, परक्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे त्या अंशांना चिकटत आणि चाचणी खोटा होकार देई.

रक्ताच्या बाटलीसाठी योजलेले हे साधन पुढे माणसांच्या निवाड्यासाठी वापरले जाऊ लागले. इलिनॉय राज्याने जानेवारी १९८८ पासून विवाहेच्छूंना एचआयव्हीची चाचणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ व्यक्तींपैकी अवघ्या ८ बाधित आढळल्या. लागण इतकी विरळ असता, हजारात एकदाच चुकणारी चाचणीदेखील सुमारे ७० खोटे होकार देईल, म्हणजे खऱ्या होकारांच्या जवळजवळ नऊपट. म्हणूनच तेव्हा वेस्टर्न ब्लॉटसारखी दुसरी पडताळणी अपरिहार्य ठरे. हा कायदा १९८९ मध्ये रद्द झाला. टाकून दिलेल्या बाटलीची भरपाई दुसऱ्या रक्तदात्याकडून होऊ शकते. ऐन लग्नाच्या तोंडावर माणसावर बसलेल्या शिक्क्याची तशी होत नाही.